संगमनेरचा बॉयलर आणि माझा उजवा डोळा

१८ नोव्हेंबर १९४६, नगर

पुन्हा चुकलं! सकाळी यार्डात कोणी नव्हतं. रिकामा डबा मातीत ठेवला आणि क्रेनचा हूक त्याच्यावर अलगद टेकवायला गेलो. वाटलं, टेकला. उतरून बघतो तर हूक अजून वीतभर वर. दुसऱ्या खेपेला डबा पार चेपला.

उजव्या डोळ्यावर साय धरली आहे. ब्रह्मदेशात पलटणीत असताना साखळी तुटून कपाळावर बसली, तेव्हापासून थोडी थोडी. या पावसाळ्यापासून तर नुसता उजेड कळतो. डाव्या डोळ्याने सगळं दिसतं — पण किती लांब आहे ते कळत नाही. बायकोला, रजियाला, बोललो नाही. कोणालाच नाही.

दुपारी काकासाहेबांनी बोलावलं. लष्कराच्या लिलावात ही क्रेन त्यांनी घेतली आणि पलटणीत मीच ती चालवत होतो म्हणून मलाही ठेवून घेतलं. म्हणाले, "लालमहंमद, संगमनेरला निघायचं. तेलगिरणीचा बॉयलर बसवायचाय, चार टनांचा. मी तुझ्या नावावर शब्द दिलाय."

हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

२० नोव्हेंबर, कोल्हार

मुक्काम. क्रेन रस्त्यानेच चालवत नेतोय. आज एका बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं. दोनदा!

२१ नोव्हेंबर, संगमनेर

पोचलो. गिरणीचे मालक आप्पासाहेब फाटकातच उभे होते. बॉयलरघराचं छप्पर उतरवून ठेवलंय. बॉयलर बाहेर लाकडी ओंडक्यांवर. तो उचलायचा, दोन पुरुष उंच भिंतीवरून आत न्यायचा आणि विटांच्या चौथऱ्यावर असा उतरवायचा की चौथऱ्यातले चार बोल्ट बॉयलरच्या पायांतल्या चार भोकांत बसले पाहिजेत. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

गिरणीचा मिस्त्री रंगनाथ. हसरा माणूस. म्हणाला, "तुम्ही वरून सोडा. मी खाली हातानं पाय धरून भोकं जुळवतो. अशी चार इंजिनं बसवलीत."

हातानं. चार टनांखाली!

सराव म्हणून आधी लोखंडी तुळई उचलली. भिंतीला धडकली. वरच्या दहा-बारा विटा आत पडल्या. नशीब, आत कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ब्रेक धरत नाही."

खोटं. रंगनाथने संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर ब्रेक खोलला, पुसला, परत बसवला. त्याच्या नखांत काळं ग्रीस. शेवटी म्हणाला, "ब्रेकला तर काहीच झालं नाही, लालभाई." मी मान खाली घालून पाना शोधत राहिलो.

२२ नोव्हेंबर

विटा परत रचायचं काम चाललंय. विटांच्या पाट्या वाहते ती भीमाबाई. चाळिशीची, सडसडीत, कोणाशी फार बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी उठलो आणि उजव्या बाजूला ठेवलेली तिची पाटी लाथाडली. तिने विटा गोळा केल्या. मग शेजारी येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमाला त्या डोळ्यानं दिसत न्हाई."

मी चिडलो! "तुझं काम कर," म्हणालो.

"करतेच हाय. माझ्या सासूचं असंच हुतं. तांब्या धरायला जायची, हात अलीकडंच मिटायचा. मी कुनाला सांगनार न्हाई. पन मिस्त्रीला तुमी सांगा. त्याचं हात खाली असत्यात."

पाटी डोक्यावर घेऊन गेली. माझी भाकरी तशीच राहिली.

२३ नोव्हेंबर

सांगितलं.

रंगनाथ विहिरीवर हात धूत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, ब्रेक चांगला आहे. डोळा गेलाय." सगळं सांगून टाकलं, डब्यापासून. तो फडक्याला हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी पुसतच राहिला. मग विचारलं, "आणि मी उद्या खाली बसणार होतो?"

"व्हय," म्हणालो. तोंडून गावाकडचाच शब्द निघाला.

तो निघून गेला. तासाभराने परत आला, माझा दंड धरला आणि सरळ आप्पासाहेबांच्या खोलीत नेलं.

आप्पासाहेब भडकले. "आंधळा माणूस पाठवला? काकासाहेबांना तार करतो!" बरोबरच होतं त्यांचं. पण दुसरा माणूस आणायचा कुठून? आणि छप्पर उघडं, मशीन उघडी, चाळीस माणसं रिकामी बसलेली.

रंगनाथ म्हणाला, "मालक, एक ऐका. बॉयलरखाली कोणीच जायचं नाही. दोन्ही टोकांना दोर बांधू, लांबून ओढून सरळ धरू. भोकं पहारीनं जुळवू. आणि किती राहिलं ते लालभाईंनी बघायचंच नाही, दुसऱ्यानं बघून सांगायचं."

"कोणी?"

मी म्हणालो, "भीमाबाईंनी."

"ती पाट्यावाली?"

"माझा डोळा तिनंच ओळखला."

आप्पासाहेबांनी खिडकीतून उघड्या बॉयलरघराकडे बघितलं. मग म्हणाले, "आधी तुळई. पाच वेळा. एकदा जरी चुकलं तरी क्रेन फाटकाबाहेर."

२४ नोव्हेंबर

तुळई पाच वेळा. पाचही बरोबर! भीमाबाई भिंतीलगत बांधलेल्या मचाणावर उभी. हात वर म्हणजे उचला, हात खाली म्हणजे सोडा, मूठ म्हणजे थांबा. मी फक्त तिचा हात बघायचा. आज पोटभर जेवलो.

२५ नोव्हेंबर

बसला! बॉयलर बसला!

नऊला उचलला. जमिनीपासून हातभर वर धरून रंगनाथने सगळ्या साखळ्या बघितल्या. मग वर. भिंतीवरून जाताना माझ्या डोळ्याला तो भिंतीला घासतोय असंच वाटत होतं. दांडी मागे ओढावीशी वाटली. पण भीमाबाईचा हात सांगत होता, चला. तिचं ऐकलं. भिंत पार झाली.

आत उतरवताना ती हातही करत होती आणि ओरडतही होती. "सोडा... सोडा... आठ बोटं... चार... सावकाश, दादा!... दोन..." आणि मूठ. मी थांबलो. घाम डोळ्यात गेला, चांगल्या डोळ्यात! पुसायलाही हात सोडवेना. खाली रंगनाथ लांब पहारीनं पाय सरकवतोय. तो म्हणाला, "भीमाबाई, सोडायला सांगा." तिने दोनच बोटं हलवली. मी केसभर सोडलं.

खट्. चारही.

सगळेच एकदम ओरडले! मी खाली उतरलो आणि चाकाला टेकून बसलो. रंगनाथने माझ्यासमोर दोन्ही पंजे पसरले आणि दहाही बोटं हलवून दाखवली. दोघंही वेड्यासारखे हसलो.

भीमाबाईला म्हणालो, "तुमचे उपकार—" तिने बोलू दिलं नाही. म्हणाली, "एकदा त्या शिटावर बसू का?" बसली. चारी बाजूंना बघितलं. उतरताना म्हणाली, "लई उंच न्हाई."

२८ नोव्हेंबर, नगर

तार येण्याआधी मीच सांगितलं. काकासाहेबांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. काम गेलं — आणि किती हलकं वाटलं! घरी रजियालाही सांगितलं. ती रडली, मग जेवण वाढलं, मग पुन्हा रडली. मी मात्र कित्येक महिन्यांत असा झोपलो नव्हतो.

३ डिसेंबर

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू, मार लागल्याचा. काढता येईल, उजेड येईल. "पण अंतर? ते पूर्वीसारखं कळेलच असं नाही," म्हणाले. क्रेनवर बसू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

९ डिसेंबर

सकाळी दारात रंगनाथ. हातात वळकटी. गिरणी सोडून आला, काकासाहेबांना भेटूनही आला. "किल्ली माझ्याकडे दिलीय, पण अट घालून. तुम्ही शिकवायचं आणि खाली जवळ उभं राहून, पट्टीनं मोजून, हात तुम्ही दाखवायचा."

उद्यापासून वर तो. खाली मी.