शाळेच्या फाटकाशी उभी बाई

५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्यांचं तू दोन पत्रांत काही लिहिलं नाहीस, आळशी कुठला! माझं भुतांच्या गोष्टी जमवणं जोरात आहे, आणि या खेपेला चक्क आपल्याच गावची गोष्ट मिळाली. आपल्या बंद पडलेल्या शाळेच्या फाटकाशी भर दुपारी एक बाई उभी असते आणि दिसेल त्याला विचारते, की घंटा झाली का. वाटेने जाणाऱ्या तिघा परगावच्यांनी कळवलं. जुन्या गोष्टींत नदीच्या उतारावर पोर शोधणारी बाई असते, तीच ही! तिला ओ दिली की ती घरापर्यंत मागे येते. एवढं नव्या गोष्टीत नव्हतं, ते मीच जोडलं. साप्ताहिकात छापून आलंय, कात्रण पाठवते.

आईला नमस्कार. लोभ असतोच तुझा, जरा कागदावरही उतरव.

तुझी धाकटी

१४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कात्रण वाचलं. ती बाई आपली आई आहे.

गेलं वर्षभर तिला काळवेळ कळत नाही. तू काळजी करशील म्हणून लिहिलं नाही, ते चुकलंच. दुपारी मी दुकानात चष्म्यांच्या काड्या बसवत असतो, तेव्हा ती तुला शाळेतून आणायला निघते. कडी लावली तर दार बडवून हात सुजवून घेते. आजवर कुणीतरी सांगायचं, की घंटा झाली, पोरगी घरी गेली. मग ती हसत परत यायची. तुझं छापून आल्यापासून कुणी तिला ओ देत नाही, ओळखीचेसुद्धा म्हणतात, की तिला त्या बाईने झपाटलंय. काल चार तास उन्हात उभी होती. पोस्टमनसुद्धा रस्ता ओलांडून गेला.

तुला बोल लावत नाही. मी काय करू, तेवढं सांग.

दादा

२३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला स्वतःची लाज वाटते. खुलासा छापून घेतला, तर उलट सात पत्रं आली, की घरचे झाकताहेत. मी परवा निघते. तिला ओ मीच देईन.

धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं कळव. तू होतीस ते आठ दिवस बरे गेले. तिने तुला ओळखलं नाही, पण तू घंटा झाली म्हणालीस की मुकाट तुझ्यामागे घरापर्यंत यायची.

आज एक परगावचं गिऱ्हाईक सांगत होतं, की फाटकाशी आता दोघी दिसतात, म्हातारी आणि तिची पोर. लोकांनी तो रस्ताच सोडलाय. आई आत्ता तिथेच आहे. दुकान बंद करून निघतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा