उलट्या बाजूची लाकडी पट्टी

आबा, तुम्हाला, मला आणि मंचावर मागे उभं राहून जाड तारा छेडणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट डाचत आली आहे: नीट वाजवतो तोवर आपण कुणाला ऐकूच येत नाही, आणि चुकलो की साऱ्या गर्दीला कळतं.

नव्वद सालानंतरची ती दुपार. डिंडोलीच्या कामगारवस्तीतलं आपलं स्वयंपाकघर, तुम्ही कापडाच्या लूमवर पाळीला गेलेले, आणि मी ओट्यावर तुमची बेस गिटार आडवी टाकून बसले आहे. जुन्या विलायती नमुन्यावर बनवलेली. सर्वांत बारीक तारेखाली स्क्रूने बसवलेली लाकडी पट्टी, आणि तारा अडकतात तिथल्या पत्र्याच्या झाकणाखाली स्पंज. मासिकातल्या फोटोत वादक अंगठा वर टेकवून दोन बोटांनी वाजवतात. मग पट्टी खाली कशाला? बनवणाऱ्याची चूक, आणि स्पंज म्हणजे सूर दाबणारी अडगळ, असं मी ठरवलं आणि दोन्ही काढून उकिरड्यावर टाकलं. सोळा वर्षांची होते, आणि माझं कधी चुकत नसे.

तुम्ही आलात, तारांखाली हात फिरवलात. "तुले कोनी सांगं काढाले? मोठी इंजिनेर व्हयी गयी का?"

"आबा, ती उलट्या बाजूला होती."

"मना अंगठाले ईचार, उलटी का सुलटी."

त्याच संध्याकाळी गणपतीत तुमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. तुमची चार बोटं टेकायला जागा शोधत राहिली, अंगठा ठोक्यामागे पडत गेला, आणि स्पंज नसल्यानं प्रत्येक सूर पुढच्यावर सांडला. ऑर्केस्ट्राचा मालक माइकवरच म्हणाला, "काका, पीके आये हो क्या?" लोक हसले. चहाखेरीज कशाला न शिवणारे तुम्ही "चूक मनी शे" एवढंच म्हणून दोष स्वतःवर घेतलात. पुन्हा तुम्हाला बोलावणं आलं नाही.

पुढे मीही बेस वाजवू लागले, तेव्हा वाचलं. माणसाएवढा, उभा धरून वाजवायचा मूळ बेस बँडच्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून तो आडवा केला, विजेवर आणला, सूर अचूक लागावा म्हणून दांडीवर धातूचे पडदे बसवले. पट्टीही मुद्दाम तिथेच होती: चार बोटांनी ती धरायची, अंगठ्यानं वाजवायचं. स्पंज होता तो सूर उभ्या बेससारखा लवकर विझावा म्हणून. वादक नंतर दोन बोटांनी वाजवू लागले, तेव्हा अंगठा टेकवायला पट्टी वर गेली. तुमच्यासारख्या हातासाठीच ती बसवलेली होती.

चीड येते, आबा. तुमचीही. माझं नाव का घेतलं नाहीत? मी आज कामगारांच्या सभांत गरजते, अन्याय गिळू नका म्हणून सांगते. त्या दिवशी पहिल्या रांगेत होते, आणि लोक हसले तेव्हा मीही हसले. तुम्ही गेलात, आता हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी माझ्यानं पाठवलं गेलं नसतं. पण एकदा, आबा, त्या मालकाच्या हातातून माइक घ्या आणि सगळ्यांना सांगा: पट्टी माझ्या पोरीनं काढली.