तीन ग्रेन जास्तीचे

पॅरिस, फ्लोरेयाल महिन्याची अकरावी तारीख, प्रजासत्ताकाचं दुसरं वर्ष (जुन्या पंचांगाने १७९४चा एप्रिलअखेर)

रुआँचा औषधवाला नागरिक तेओदूलमामा यास भाचा फिर्मँचा बंधुभावपूर्वक नमस्कार.

(तुझ्यापुढे मान लववली असती, पण हल्ली मान लववायची म्हटली की घाम फुटतो.) अरे-तुरे करतोय म्हणून रागावू नकोस. इथे वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणणारा राजाचा माणूस ठरतो, तेव्हा सवय मोडू नये म्हणून कागदावरही तेच. तुझा संधिवात कसा आहे? मामी बरी ना? मी ठीक आहे. फक्त झोप नाही, अन्न जात नाही आणि रस्त्यावर गिलोटिनकडे माणसं नेणाऱ्या गाडीची चाकं वाजली की मी कपाटामागे शिरतो.

नागरिक देलकूरच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं तराजू सांभाळतोय. त्याचं म्हणणं एवढंच, की बंद चंबूत काहीही जाळा, आधीचं आणि नंतरचं वजन एकच भरतं. काही नाहीसं होत नाही, नवं काही उपटत नाही. परवा चंबूत कथील घातलं, काच वितळवून तोंड बंद केलं, तापवलं. कथलाचं भस्म झालं, वजनात रतीभर फरक नाही. मी खुशीत, तोच तपासणी समितीचा नागरिक गोबार दारात. (हा पूर्वी बड्यांच्या केसांच्या टोपांना पावडर लावायचा. टोप घालणारी डोकी उरली नाहीत, म्हणून आता देश सांभाळतो.)

"काय रे, याचं तोंड का बंद? जनतेपासून काय लपवताय? फोड!"

फोडलं. (तूही फोडलं असतंस, त्याच्यामागे दोन भालेवाले होते.) फस्सकन हवा आत शिरली. त्याने चंबू तुकड्यांसकट पुन्हा तोलायला लावला, तर वजन तीन ग्रेनने, तीन गव्हाच्या दाण्यांएवढं, जास्त! कथलाने आतली थोडी हवा गिळली होती, तिची जागा बाहेरच्या हवेने भरली. हे मी त्याला तीनदा समजावलं, तिसऱ्यांदा तर रडत.

"नवं काही येत नाही म्हणतोस, मग हे आलं कुठून? माझ्या डोळ्यांदेखत माल घुसवतोस होय!"

अहवालात त्याने लिहिलं, 'बाहेरून मदत आली.' बाहेरून म्हणजे आपली लढाई चाललीय त्या ऑस्ट्रियाकडून, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. उद्या सकाळी समितीपुढे साक्ष आहे. देलकूर खुशाल त्या तीन ग्रेनची टिपणं काढत बसलाय, मी सारखी मान चाचपतोय. मामा, मला फार भीती वाटते.

तुझा, अजून सबंध असलेला,
फिर्मँ

ता. क. सुटलो! देशनिष्ठेचा दाखलासुद्धा मिळाला. गोबारने विचारलं, "ही वजनांची भानगड तुला शिकवली कुणी?" देलकूर शेजारीच उभा होता, त्याचं नाव घेववेना. तुझं निघालं. (तराजू पहिल्यांदा तुझ्याच दुकानात धरला होता, म्हणजे खोटं नाही बोललो.)

आणखी एक. त्यांनी पत्ता विचारला, मी दिला. तुला धरायला दोन घोडेस्वार दुपारीच निघालेत. हे पत्र धोबिणीच्या टोपलीतून नावेने येतंय, आणि नाव हळू चालते. तू वाचत असलास, तर वाचणं इथेच थांबव आणि मागच्या दाराने नीघ. मामी वाचत असेल, तर मामी, मी भ्यालो होतो गं.