कावळा शाळेत जेवला

आदरणीय शोभाबाईले,

रोहण्याहून तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून जेवढं वाकता येते तेवढंच समजा.) तुमचे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेता, का नुसत्या पाव्हण्यांले दाखवता? इकडं सारे बरे. फोनवर तुम्ही मले बोलू देत नाई, म्हणून लिहून राह्यली. दुसरीतूनच शाळा सुटली माही, काना-मात्रा तुम्ही लावून घेजा.

शेजारच्या देवकाबाईनं तुम्हाले फोन केला म्हणे, की तुमचा भाऊ पितरात उपाशी गेला अन् मुकेशनं आपल्या वावराचा धुरा तिले सोडून दिला. दोन वावरांमधल्या ज्या हातभर बांधासाठी तुमचा भाऊ जिंदगीभर तिच्याशी भांडला, तोच. दोन्ही खोटं. खरं काय झालं ते आइका.

पितराच्या दिवशी कढी, वडे, पातोड्या, खीर, सारं केलं. मुकेशनं शिडीवर चढून (पोरगा माहा, पण चढाले भित्रा) छपराच्या कवेलूवर पान ठेवलं. कावळा नाई. पाव्हणे हात धुऊन बसलेले, खिरीवर साय धरली, तरी नाई. मंग सारे म्हणाले, काही इच्छा राह्यली असन. मुकेश शिडीवरून ओरडू लागला, बाबा, टीव्ही दुरुस्त करतो. बाबा, तंबाखू सोडतो. सून रूपाली खालून म्हणते, नवा मिक्सर आणतो म्हणा! (तुमच्या भावाले जुन्याचाच आवाज सहन होत नव्हता.) तेवढ्यात जेवाले बोलावलेली देवकाबाई म्हणे, "अरे, भाऊजीचा जीव धुऱ्यात अडकला, सोडतो म्हण!" अन् भुकेनं बेजार झालेला पोट्टा म्हणाला, "सोडला, बाबा!" तरी कावळा आला नाई. हे ध्यानात ठेवा.

मधल्या सुट्टीत नात गुंजन घरी आली. म्हणे, "आजी, कावळे इथं कुठून येतीन? सारे आमच्या शाळेत आहेत." तिथं मोनालीबाई म्हणून नवी मास्तरीण आहे. पाखरं पुस्तकातून शिकवत नाई. पोट्ट्यांकडून मचाण बांधून घेतलं, त्याच्यावर दाणे-खिचडी ठेवते, अन् पोट्टे वर्गाच्या खिडकीतून पाहतात, कोणतं पाखरू कोणत्या चोचीनं काय खाते. चोच समजावी म्हणून घराघरातून चिमटे, सांडशा, गाळण्या मांगवल्या अन् त्यानं मुरमुरे उचलाले लावले. (माही सांडशी तिथं बगळा झाली आहे. मी चहा पदरानं उतरवते.)

पान घेऊन शाळेत गेली. भांडाच्या तयारीनंच गेली, खोटं काऊन सांगू. पण मोनालीबाईनं एक शब्द इचारला नाई. तिच्या घरी पित्तर मानत नाई, मले ठाऊक आहे. तरी माह्या हातचं पान घेऊन तिनं मचाणावर ठेवलं, मले बाकावर बसवलं अन् पोट्ट्यांले म्हणाली, "आता कोणी हलायचं नाही. आजींचा पाहुणा यायचा आहे." सारा वर्ग चूप. शोभाबाई, तुमच्या भावाच्या मयतीतही एवढी शांती नव्हती. कावळा आला, मान वाकडी करून पानाकडं पाह्यलं अन् वडा उचलला. मी रडली नाई. पण तुमचा भाऊ जेवला तो त्या पोरीमुळं, तिचे उपकार फिटाचे नाई. गावात लोकं म्हणतात, तिनं कावळे पळवले. मी म्हटलं, पळवले नाई, तुमच्यापेक्षा बरं खाऊ घातलं.

जिवाले जपजा. जावईबापूंले नमस्कार.

तुमची भावजय,
गोकुळा

ता. क. खरं काम राह्यलंच. रविवारी येजा. देवकाबाई दोरी घेऊन धुरा मोजून राह्यली अन् त्यासाठी पंचांची बैठक बसणार आहे. तुम्ही सख्खी बहीण, चार लोकांत एवढंच बोला: घरी मुकेशनं धुरा सोडला, तवा कावळा फिरकला नाई. शाळेत कोणी काहीच सोडलं नाई, तिथं तो जेवला. म्हणजे भावाची इच्छा काय होती, ते उघडच आहे.

ता. क. दुसरा. सोबत तुमच्या पोराले, भूपेंद्रले, आणजा. बैठक संपेपर्यंत त्यानं गुंजनले आर्वीच्या बाजारात फिरवावं. शाळेमागंच आपलं वावर आहे. वडा घेऊन कावळा धुऱ्यावरच्या बाभळीवर बसला अन् देवकाबाईच्या वावराकडं तोंड करून त्यानं तो सारा खाल्ला, हे पोरीनं खिडकीतून पाह्यलं. अन् मोनालीबाईनं शिकवलं आहे, जे दिसलं तेच सांगायचं, कोणी इचारो का न इचारो.