पणजोबांची वही आणि लांबची गिरणी

५ जानेवारी, सोमवार
क्लासला आज चौघंच. सगळ्यांना जर्मनीला जायचंय, जर्मन शिकायचं कुणालाच नाही. चिडून चौघांनाच दीड तास व्याकरण पाजलं. बिचारे, आले त्यांनाच शिक्षा.

संध्याकाळी निखिल पाहुणा घेऊन आला. कागलला त्याच्या कंपनीत नवं मशीन बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर. टोबियास. महिनाभर मुक्काम. मी दार उघडलं तर चक्क वाकून पाया पडला. चिरंजीवांनी शिकवलेलं, दुसरं काय.

चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून कापडात गुंडाळलेली वही काढली. त्याच्या पणजोबांची, शंभर वर्षांपलीकडची. पणजोबा फुटबॉलचे कीपर, तीनदा देशाकडून खेळलेले. पण वही घरात कुणालाच वाचता येत नाही! जुनं वळण, तिकडं आता शाळेत शिकवत नाहीत. आपल्याकडं मोडीचं झालं तेच. पुण्यात शिकत असताना आमच्या म्हाताऱ्या बाईंनी ते वळण हट्टानं गिरवून घेतलं होतं, तेव्हा किती कुरकुर केली होती मी. वही साध्या अक्षरात उतरवून द्यायची, एवढंच काम. टोबियास फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार, त्याच्या आत.

“बघते,” म्हटलं. आतून उकळ्या फुटत होत्या.

हे घरी नव्हते. दळणाला गेलेले. कोपऱ्यावर एक गिरणी, पुढं चौकात दुसरी. त्या दोन्ही सोडून पार पलीकडच्या पेठेत डबा घेऊन जातात. तीस वर्षं हेच. का विचारलं की “पीठ बारीक येतंय” एवढंच उत्तर.

८ जानेवारी, गुरुवार
e आणि n सारखेच दिसतात. डोळे फुटायची वेळ आली. पण पाच पानं झाली.

पणजोबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. रविवारी मॅच. कीपरला वेगळा शर्ट नाही, सगळ्यांसारखाच. डोक्याला टोपी. प्रत्येक मॅचचं तीन-चार ओळींत लिहिलंय: मैदान कसं, पाऊस होता का, किती गोल खाल्ले. दुसऱ्याला दोष कुठंच नाही. आवडला मला माणूस.

जेवताना ह्यांना वाचून दाखवलं. त्या काळी कीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडू हातानं धरता यायचा, असं नोंदीत आहे. ह्यांचा घास हातातच राहिला.

“अर्ध्या मैदानात? हातानं?”

“तसं लिहिलंय.”

“मग त्यो कीपर कशाचा? जमीनदारच की!”

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. फुटबॉलबद्दल आपणहून एवढं बोललेले आठवत नाहीत. स्वतः पेठेच्या टीमचे कीपर. गडमुडशिंगीहून सायकलनं सरावाला यायचे. डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी. पण मॅच बघायची तर मोबाईलवर, तीही आवाज बंद करून.

१३ जानेवारी, मंगळवार
टोबियास संध्याकाळी आला, निखिल बरोबर. पंधरा पानं दाखवली. पोरगा हरखला.

मग त्याच्या आजीचं सांगत बसला. आजी म्हणजे पणजोबांची मुलगी. हयात आहे, या महिनाअखेर पंचाण्णव पुरी करेल. घरात सगळ्यांना पाठ झालेली गोष्ट अशी, की पणजोबा ऐन भरात होते आणि पणजीनं लग्नाच्या वेळी खेळ सोडायला लावला. आजीनं हा राग आईवर आयुष्यभर धरला. आई शेवटी आजारी होती तेव्हाही नीट बोलली नाही म्हणे.

निखिलनं लगेच टाळी दिली. “अरे तोबी, आमच्याकडं सेम स्टोरी! आईनं बाबांचा फुटबॉल बंद केला!”

सगळे हसले. मीही. सतरांदा ऐकलेला विनोद. बारशाला, वास्तुशांतीला, निखिलच्या लग्नात स्टेजवर माईकवरून. हे पेपर वाचत होते. कायम ह्याच वेळी ह्यांना पेपर सापडतो.

खरं म्हणजे अट माझ्या वडिलांची, अण्णांची होती. “जावई मैदानात चिखलात लोळताना दिसता कामा नये.” मास्तर माणूस. मी शेजारच्या खोलीत होते, ऐकलं, आणि गप्प राहिले. बावीस वर्षांची होते. ह्यांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. तेव्हा वाटलं, माझ्यासाठी केवढं सोडलं माणसानं. नंतर तेच टोचत राहिलं. मॅचच्या दिवशी स्टेडियमकडून ओरडा ऐकू आला की मी उगाच भांडी वाजवत बसते.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घ्या, गोड बोला. निखिलला दोनदा सांगितलं. हसला. डोंबल कळलं त्याला.

१९ जानेवारी, सोमवार
पणजोबा देशाकडून खेळले त्या तीन मॅच. पहिलीत हरले. दुसरी बरोबरीत. तिसरी जिंकले, पण त्या दिवशी लिहिलंय फक्त एवढंच: “बूट ओले. आईला तार केली.”

आता नियम बदललाय, हात लावायचा तो गोलासमोरच्या चौकटीतच. पणजोबा वैतागलेत. मग कसं खेळायचं ते स्वतःचं स्वतः शोधून काढतात: फॉरवर्ड चेंडू घेऊन येताना दिसला की गोलात थांबायचं नाही, धावत बाहेर यायचं आणि त्याच्या पायावर झेपायचं. चारचारदा लिहिलंय. “बाहेर गेलो. वाचवला.”

हे म्हणाले, “बरोबर हाय. कीपर गोलात हुबा ऱ्हायला की संपला. भाईर याय लागतंय.” आणि खुर्चीवरून उठून करून दाखवायला लागले! एकसष्टाव्या वर्षी, लुंगीवर. पुरे म्हटलं, हाड मोडेल. एकदम थांबले, आणि आत निघून गेले. मला वाटलं गुडघा दुखला.

२४ जानेवारी, शनिवार
पान ४१.

वसंतातली मॅच, शेजारच्या गावाशी. फॉरवर्ड एकटा आला. पणजोबा बाहेर गेले, झेपावले. चेंडू मिळाला. पण त्या पोराची नडगी पणजोबांच्या गुडघ्याखाली मोडली. “आवाज मला आधी ऐकू आला, त्याला नंतर दुखलं,” असं लिहिलंय.

नंतरच्या रविवारी: “मी बाहेर गेलो नाही. गोल.”
त्याच्या पुढच्या: “मी बाहेर गेलो नाही. दोन गोल.”
असं सहा वेळा. अक्षर बिघडत गेलेलं.

मग लग्न ठरल्याची नोंद. “सासरे म्हणाले, लग्नानंतर खेळ नको. मी लगेच हो म्हणालो. सगळ्यांना वाटतं, मी तिच्यासाठी सोडला. तिलाही तसंच वाटतं. वाटू दे.”

पुढं वही कोरी.

दुपारी ह्यांना मराठीत वाचून दाखवलं, मला राहवलंच नाही. म्हटलं, बघा, बिचाऱ्या बाईवर उगाच आळ! हे उठले, डबा घेतला आणि गिरणीकडं निघाले. परवाचं पीठ अजून निम्म्याच्या वर आहे.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी मी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले, दोन जुड्या निवडल्या. कोवळी पानंसुद्धा टाकून दिली.

“शैला, माझंबी तेच हाय.”

“काय तेच?”

“त्या म्हाताऱ्याचं. पलीकडच्या पेठंचा बाळू. मी भाईर आलतो. त्याचा पाय गेला. त्यानंतर चार मॅची खेळलो, भाईर येणंच हुईना. पायच उचलंना माझा. टीममधली मला तोंडावर शिव्या घालत हुती. तेवढ्यात तुझ्या वडिलांनी अट घातली.”

“आणि?”

“आनी काय. मला सोपं झालं.”

गिरणी त्याच बाळूची.

मी मेथी तशीच टाकून उठले.

२७ जानेवारी, मंगळवार
दोन दिवस बोलत नाहीये. स्वयंपाक करते, वाढते, बस्स.

ते घाबरले याचा राग नाही. माणूस आहे, घाबरेलच. तेहतीस वर्षं मी चोरासारखी राहिले, याचा आहे. स्टेजवर माईकवरून पोरगा बोलला तेव्हाही हे गालात हसत होते. अण्णा जाताना म्हणाले होते, “जावयाचं मी नुकसान केलं गं.” तेव्हा हे पलंगाच्या पायाशी उभे होते. ऐकलं होतं ह्यांनी. तेव्हा तरी एक शब्द बोलायचा.

आणि एक मन म्हणतं, पान ४१ उतरवूच नको. पंचाण्णव वर्षांच्या बाईला बापाची भीती कशाला दाखवायची? लगेच दुसरं म्हणतं, आणि तिच्या आईचं काय?

२९ जानेवारी, गुरुवार
डबा घेतला आणि मीच गेले गिरणीवर.

बाळू साठीचा, पिठानं पांढरा झालेला, डावा पाय ओढत चालतो. मला ओळखतो! “या वैनी. साहेब आजारी हायती व्हय?”

म्हटलं, नाही, पण मला आता सगळं कळलंय.

त्यानं पट्टा बंद केला. गिरणी एकदम शांत.

“वैनी, मी त्येला कवाच सांगितलंय, खेळात हुतंय. ऐकतच न्हाय. येतोय, डबा ठेवतोय, बाकड्यावर गप बसतोय. मला पाय गेल्याचं न्हाय तेवढं त्येनं सोडल्याचं वाईट वाटलं. लई भारी कीपर हुता.” मग जरा ओशाळून, “खरं सांगू? आमी तर समदी तुमालाच नावं ठेवतोय की. बायकूनं सोडाय लावला म्हणून.”

म्हणजे पलीकडच्या पेठेतसुद्धा! हसू आलं मला. इतकं, की बाकड्यावर बसावं लागलं. हसता हसता रडले. त्यानं पाणी दिलं, तांब्यावर पीठ.

घरी येऊन पान ४१ टाईप केलं. एकही ओळ न गाळता.

३१ जानेवारी, शनिवार
टोबियास येऊन कागद घेऊन गेला. शेवटची पानं उभ्यानंच वाचली. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“आजीला हे वाचून दाखवू?” त्यानं विचारलं.

“वही तुमची आहे,” म्हटलं. मग राहवलं नाही. “पण तिची आई गेली तीसुद्धा तसंच समजून गेली. तिच्या बाजूचं आता तुझ्याशिवाय कोण बोलणार?”

त्यानं कागद वहीबरोबर त्याच कापडात गुंडाळले. सोमवारी निघतोय. उद्या दुपारी निखिलबरोबर जेवायला येणार.

तो गेल्यावर हे दारात. “दिलंस? सगळं?”

“सगळं.”

आठवडाभरात पहिल्यांदा बोलले मी. हे तिथंच घुटमळले.

“उद्या निख्या जेवाय हाय न्हवं?”

“आहे.”

“आनी त्यो बोलणारच.”

“बोलणारच. पाहुण्यासमोर तर हमखास.”

“बरं,” म्हणाले. काय करणार ते मी विचारलं नाही. माझ्या बाजूनं मला बोलायचं असतं तर केव्हाच बोलले असते. ते त्यांनीच सांगायला हवं, आणि पोराच्या तोंडावर.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळचे साडेअकरा. मटण शिजतंय, भाकरीचं पीठ काढून ठेवलंय. दहा मिनिटं मोकळी मिळाली म्हणून लिहितेय.

ह्यांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पेपर आला तसा कोपऱ्यात पडलाय, घडीसुद्धा मोडलेली नाही. तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. चहा अर्धा टाकला. मघाशी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “सुरवात कशी करायची गं?” म्हटलं, मला नका विचारू. मग वाईट वाटलं. म्हटलं, बाळूपासून करा.

राग अजून आहे. जाईल की नाही माहीत नाही. पण आत्ता ह्यांच्याकडं बघवत नाही.

गाडीचा आवाज आला. निखिलचीच. पोरगा आला की दार नेहमी मी उघडते, हे पेपरमागं असतात. आज मी पेन ठेवायच्या आत हे उठले आणि अनवाणीच फाटकाकडं निघाले. मी डायरी मिटते.