भोपळीच्या रक्तातलं शिसं

४ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. भोपळीच्या रक्तात शिसं आहे. शिसं! दीड वर्षाची माझी नात, अजून धड बोलत नाही, आणि तिच्या अंगात बॅटरीतला धातू.

सून कागद हातात धरून माझ्याकडे बघत बसली. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं — मला भांडता तरी आलं असतं.

५ फेब्रुवारी

आज बोलली. डॉक्टरने विचारलं म्हणे, घरातलं कोणी शिशाच्या जागी कामाला जातं का. कोण जाणार? मीच. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याची जमीन साफ करतायत, पुढे तिथे इमारती आणि बाग होणार आहे. वरची विषारी माती खणून गाड्या भरतात. गाडी गेटबाहेर पडायच्या आधी तिची चाकं पाइपाने धुवायची, म्हणजे ती माती रस्त्यावर सांडत जाणार नाही. ते माझं काम. नवरा एरवी म्हणतो, गाड्यांचे पाय धुतेस, माझे कधी धुतलेस का? आज तोच रिपोर्ट उलटसुलट करत बसला.

मी सुनेला सांगितलं, बूट तिथेच, पांढरा सूट तिथेच, तोंडावरची पट्टी तिथेच. आंघोळ करून घरी येते.

"मग हिच्यात आलं कुठून, आई? आभाळातून पडलं?"



६ फेब्रुवारी

केस! केस कुठे रोज धुते मी? टोपी असते, पण बटा बाहेर येतातच. आणि भोपळी मांडीवर आली की आधी वेणी ओढते, मग तोंडात घालते. मी हसत बसते.

७ फेब्रुवारी

कापले. मोरीत बसून, स्वयंपाकघरातल्या कात्रीने. पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. मग वाटलं, कचरेवालीने पिशवी फोडली तर? तिच्याही घरी पोरं आहेत. पळत जाऊन परत आणली. घरात ठेवायची भीती, बाहेर टाकायची भीती. शेवटी कामावर नेली आणि विषारी मातीच्या गाडीत टाकली. ड्रायव्हर म्हणतो, मावशी, स्वतःला पुरताय का थोडं थोडं? मेला!

१० फेब्रुवारी

सून माहेरी गेली. मुलगा पोचवायला गेला. निघताना भोपळीने माझ्याकडे हात पसरले. मी माझे पाठीमागे धरून ठेवले.

११ फेब्रुवारी

शिसं पोरांच्या डोक्यात जातं. बोलायला उशीर, शिकायला जड. डॉक्टरने सुनेला सांगितलं, सुनेने मुलाला, मुलाने मला — आणि ते सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. भोपळी अजून 'आजी' म्हणत नाही, नुसतं 'जी'. मला वाटायचं लाडाने म्हणते.

काम सोडू का? सोडलं म्हणून गेलेलं विष माघारी येतं का?

१५ फेब्रुवारी

आमच्याकडे एक मशीनवाला आहे. पिस्तुलासारखं मशीन मातीला टेकवलं की शिसं किती ते आकड्यात दिसतं. चांगला पोरगा आहे. त्याला गाठून सगळं सांगितलं. म्हणाला, मावशी, आधी स्वतःचं रक्त तपासा, कंपनीने ते करून द्यायलाच हवं. साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

मी गेटमध्ये खुर्ची टाकून बसले. चाकं धुणार नाही म्हटलं. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. दुपारच्या आत रक्त काढलं माझं.

२१ फेब्रुवारी

माझ्यात कमी आहे! भोपळीच्या निम्मंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाला, तुमच्यामुळे झालं असतं तर आधी तुमच्याच रक्तात जास्त भरलं असतं, बाई. तिथेच जिन्यात बसून रडले.

सुनेचा फोन आला. चुकलं म्हणाली. मुलगा घ्यायला जाणार, रविवारी येतील.

चहा उकळेपर्यंत टिकला आनंद. मी नाही — तर मग काय? ते काय आहे ते अजून घरातच आहे की!

२३ फेब्रुवारी

मशीनवाल्याला घरी आणलं. नळ, दाराचा रंग, भोपळीचा पाळणा, तिची भांडी, सगळ्याला मशीन लावलं. काही नाही. गप्पा चालू होत्या त्याच्या, लग्नाचं सांगत होता. मग अंगणात गेला आणि मशीन जमिनीला टेकवलं. पुसलं, परत टेकवलं. चार पावलं सरकला, परत टेकवलं. गप्पा थांबल्या.

"हे अंगण कशाने भरलंय?"

नवऱ्याने ऐटीत सांगितलं. त्याच्या बाबांनी भरलं. कारखाना चालू होता तेव्हा भट्टीतला काळा चुरा फुकट द्यायचे. पावसाळ्यात चिखल नको म्हणून अख्ख्या गल्लीने आणून टाकला, वर थोडी माती पसरली.

मशीनवाला आपल्या गाडीकडे गेला आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून परत आला.

२४ फेब्रुवारी, रविवार

सुनेचा फोन. निघालोय, पोचतोच म्हणाली. मी म्हटलं, मागे फिरा.

"आई, अजून राग आहे का माझ्यावर?"

म्हटलं, "राग नाही गं. पोरीचा पाय इथे लागू देऊ नकोस. आणि तुझ्या नवऱ्यालाही तिकडेच ठेवून घे. तो याच अंगणात रांगलाय."