खडूवर रेघ उठली तर

मी, गुणमाला कल्लाप्पा मगदूम, वय एकसष्ट, राहणार कराड, हे मृत्युपत्र आमच्या वर्कशॉपमधल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या मिरजेत माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. भीती आहे ती शस्त्रक्रियेची, कोणाचे दडपण नाही.

१. राहते घर मुलगा जिनेंद्र व मुलगी ब्राह्मी यांना समान. परसातला कढीपत्ता कोणी तोडू नये.

२. माझ्या पाटल्या ब्राह्मीला. दीर जिनगोंडा यांना माझा तेलकट ॲप्रन द्यावा. लग्नात ते म्हणाले होते, "कॉन्व्हेंटची पोरगी आणलीया, ऑइलात हात घालंल व्हय?" जन्मभर घातला.

३. बोअरिंग मशीन ~~विकून टाकावे. मोडीत गेले तरी चालेल.~~ (सही: गु. क. मगदूम)

कारण लिहिते. बोअर मारण्याआधी, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरण्याआधी, इंजिनाचा ब्लॉक तपासायची ह्यांची रीत होती. सिलिंडरच्या भिंतींना रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसून खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर रेघ उठते. रेघ उठली की बोअर नाही. पाचगणीच्या शाळेत सिस्टर खडूचा तुकडाही वाया जाऊ देत नसत. सासरी आले तर नवरा लोखंडाला पावडर लावत होता! त्या दिवसापासून तो मला आवडू लागला.

जिनेंद्र ही रीत टाळतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने न तपासता बोअर मारलेली जीप सिलिंडरची भिंत फुटून कुंभार्ली घाटात बंद पडली. आत बाळंतपणाला निघालेली बाई होती. बाई नि बाळ दोघं वाचली. पुढच्या वेळी वाचतीलच असं नाही. म्हणून मशीनच नको.

आत्ता समोर पलूसच्या लालासाहेबांच्या ट्रॅक्टरचा ब्लॉक आहे. ऊसतोड सुरू आहे. साक्षीला बोलावलेले ते स्टुलावर चुळबुळत बसलेत. जिनेंद्र ब्लॉक मशीनवर चढवतच होता. ब्राह्मीने अडवून रॉकेल मुरवलं, पुसलं, खडू लावला.

"आवं वहिनी, किती येळ? कारखान्यावरची पाळी हुकंल माझी."

"काही दिसत नाही, आई. चढवतो."

"थांब रे दादा. तिसऱ्या सिलिंडरात बघ."

रेघ आली आहे. केसाएवढी.

"एवढीशी तर हाय! मार रं बोअर. जबाबदारी माझी."

 जिनेंद्रचा हात मशीनच्या स्विचवर आहे. मी मान वर करत नाही. केली तर त्याला सांगेन, आणि परवा सांगायला मी असेनच असं नाही.

"नाही काका. उसाची ट्रॉली घेऊन चढावर तुमचाच धाकटा असतो. ह्याला मी बोअर मारणार नाही."

जिनेंद्रने स्विचवरचा हात काढला आहे.

४. कलम ३ मधली खोडाखोड माझीच असून शेजारी सही केली आहे. मशीन जिनेंद्र व ब्राह्मी या दोघांचे. खडूचा डबा मशीनला लागूनच ठेवावा. तो वेगळा वाटून घेऊ नये.

साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

गुणमाला कल्लाप्पा मगदूम

साक्षीदार:
१. धैर्यशील थोरात, शेजारी, कराड
२. लालासाहेब पवार, पलूस (रागावलेत, पण सही केली.)

कराड, २४ नोव्हेंबर २०२४